शेजारी देशांसोबतचा करार वाचायचा कसा? आधी नकाशा उघडा, संघटना नंतर

नागपुरात बर्डी-धंतोलीच्या अभ्यासिकांमध्ये जो तो सार्क (दक्षिण आशियाई देशांची संघटना) आणि बिमस्टेक (बंगालच्या उपसागराभोवतीच्या देशांची संघटना) यांची वर्षं पाठ करून राहिला आहे. सार्क १९८५, ढाका, सचिवालय काठमांडू. बिमस्टेक १९९७, बँकॉक, सचिवालय ढाका. हे यायलाच पाहिजे, पण मेन्सला, म्हणजे स्पर्धा परीक्षेच्या मुख्य लेखी पेपरला, "शेजारी देशांमधलं ऊर्जा आणि पर्यावरण सहकार्य" असा प्रश्न आला की एवढ्यावर अर्धं पानही भरत नाही. मी पोरांना जी पद्धत सांगतो ती इथे लिहितो, परीक्षा द्यायची नसेल तरी रोजचा पेपर वाचताना कामी येईल.

कराराची बातमी दिसली की पहिले नकाशा काढा आणि बघा की दोन देशांमधून नेमकं काय जाऊन राहिलं आहे. नदी आहे, विजेची लाईन आहे, की जहाजाचा रस्ता आहे? मग तीन गोष्टी विचारा. वर कोण बसला आहे (म्हणजे पाणी किंवा वीज आधी कोणाच्या हातात येते), कोणत्या महिन्यात टंचाई पडते, आणि मोजमाप कोण करतो. या तिघांची उत्तरं मिळाली की करार निम्म्याहून जास्त समजला म्हणून समजा.

प्रॅक्टिस घरच्याच नदीवर करा ना. पेंच मध्य प्रदेशातून येते, तिकडे छिंदवाड्यात चौराई धरण आहे आणि खाली नागपूरला पाणी देणारं आपलं तोतलाडोह धरण. चौराईत पाणी अडलं आणि पाऊसही रुसला की तोतलाडोह कसं होतं ते २०१९ मध्ये आख्ख्या नागपूरने बघितलं, नळ एक दिवसाआड आले होते. इथे तर दोन्ही राज्यं एकाच देशातली, शिवाय गोदावरी पाणीतंटा लवादाने वाटणी ठरवून दिलेली, तरी एवढी ओढाताण. मग दोन देशांमध्ये काय होत असेल याचा अंदाज आपल्याला पुण्या-मुंबईच्या पोरांपेक्षा लवकर यायला पाहिजे.

आता हेच गंगेवर लावा. भारत आणि बांगलादेशचा गंगा करार १२ डिसेंबर १९९६ चा, ३० वर्षांसाठी. पाणी मोजायचं फरक्क्याला, म्हणजे पश्चिम बंगालमधल्या गंगेवरच्या बंधाऱ्याला, वाटणी फक्त १ जानेवारी ते ३१ मे, म्हणजे टंचाईच्या महिन्यांत, आणि हिशोब दर दहा दिवसांचा. पाणी ७० हजार क्युसेक (सेकंदाला इतके घनफूट) किंवा त्याहून कमी असेल तर अर्धं-अर्धं, ७० ते ७५ हजार असेल तर बांगलादेशला ३५ हजार आणि उरलेलं भारताला, ७५ च्या वर गेलं की भारताला ४० हजार आणि बाकी सगळं बांगलादेशला. नुसतं वाचू नका, वहीत आकडे टाकून बघा. ६० हजार आलं तर ३०-३०, ७२ हजार आलं तर आपल्याला ३७ आणि त्यांना ३५, ९० हजार आलं तर आपल्याला ४० आणि त्यांना ५०. आणि ५० हजारांच्या खाली गेलं तर काय? तर दोन्ही सरकारांनी ताबडतोब बोलायला बसायचं, एवढंच लिहिलं आहे. माझ्या मते अख्ख्या करारातली हीच सगळ्यात नाजूक जागा आहे, कारण जेव्हा खरोखर हाल होतील तेव्हाचा ठोस आकडाच नाही. अशी जागा शोधायची सवय लावा.

विजेचं थोडं वेगळं आहे आणि मला विचाराल तर जास्त आशेचं आहे. नेपाळचे बरेचसे प्रकल्प वाहत्या पाण्यावर चालतात म्हणून पावसाळ्यात वीज उरते, हिवाळ्यात नद्या आटल्या की तोच नेपाळ भारताकडून वीज घेतो. बांगलादेशला उन्हाळा-पावसाळ्यात विजेची गरज जास्त. ३ ऑक्टोबर २०२४ ला काठमांडूत तिघांचा करार झाला, नेपाळची ४० मेगावॅट वीज भारताच्या लाईनवरून बांगलादेशला, दरवर्षी १५ जून ते १५ नोव्हेंबर. आपल्याकडून मधला व्यवहार बघते एनटीपीसीची विद्युत व्यापार कंपनी, हो, मौद्याला ज्यांचा प्लांट आहे तीच एनटीपीसी. ४० मेगावॅट म्हणजे काहीच नाही, आपल्या कोराडी वीज केंद्राचा एक नवा युनिटच ६६० चा आहे, पण तिसऱ्या देशाच्या जमिनीवरून वीज नेता येते हे यातून दिसलं, म्हणून हा करार छोटा असून मोठा आहे.

इथे नेपाळची लाईन आपल्या ग्रीडशी, म्हणजे विजेच्या जाळ्याशी, सरळ जोडलेली आहे, बांगलादेशची नाही. त्यांच्या भेरामाऱ्याला एसीचं डीसी करून परत एसी करणारं स्टेशन आहे, म्हणजे एका ग्रीडमधला बिघाड दुसऱ्यात सहजासहजी जात नाही. असंच स्टेशन आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीला आहे, पश्चिम आणि दक्षिण ग्रीड वेगवेगळे होते तेव्हा ते जोडायला बांधलेलं. उत्तरात हे एक वाक्य टाका, वाचणाऱ्याला कळतं की पोराने नुसतं पाठ केलेलं नाही.

सुरक्षा वेगळ्या कप्प्यात ठेवू नका, ती वीज-पाण्यातच लपलेली असते. ज्या देशाची आपल्याशी जमिनीची सीमा आहे पण वीज करार नाही, त्याची मालकी असलेल्या प्रकल्पाची वीज भारत घेत नाही. नाव न घेता सरळ चीनचा विषय आहे, आणि नेपाळला तो टोचतो. पाकिस्तानसोबतचा सिंधू पाणी करार १९६० चा, युद्धांमध्येही टिकला, पण पहलगामच्या दहशतवादी हल्ल्यानंतर एप्रिल २०२५ मध्ये भारताने स्थगित केला. समुद्रात उलटं, सहकार्याचं उदाहरण बघा, २०२१ मध्ये कोलंबोजवळ एक्स-प्रेस पर्ल जहाज पेटलं, केमिकल आणि प्लॅस्टिकचे दाणे किनाऱ्यावर पसरले, आग विझवायला आपल्या तटरक्षक दलाची जहाजं गेली. हे पर्यावरण की सुरक्षा? दोन्ही.

मोठ्या संघटना सगळ्यात शेवटी घ्या. सार्कची शिखर परिषद २०१४ च्या काठमांडूनंतर झालीच नाही, उरी हल्ल्यानंतर २०१६ ची इस्लामाबादची बारगळली. त्याच काठमांडूत वीज सहकार्याचा सार्क करार झाला होता, पण प्रत्यक्षात वीज वाहिली ती दोघा-तिघांच्या करारांतून. बिमस्टेकमध्ये पाकिस्तान नाही म्हणून गाडी थोडी पुढे सरकते, तिची सनद, म्हणजे संघटनेचे लेखी नियम, २०२२ मध्ये झाली.

करायचं एवढंच, प्रत्येक कराराला वहीचं एक पान द्या. वर छोटा नकाशा हाताने काढा, सुंदर नसला तरी चालेल, खाली वर कोण, टंचाई कधी, मोजतो कोण, आणि भांडण झालं तर कोणाकडे जायचं. सुरुवात गंगा करारापासून करा, कारण त्याची ३० वर्षं डिसेंबर २०२६ मध्ये भरतात. पुढच्या कराराच्या बातम्या येतील तेव्हा ५० हजारांच्या खालचं कलम तेच राहिलं की बदललं, ते पहिले शोधा.