वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टरांचे अभ्यासविषय कसे वाचावेत आणि योग्य ओपीडी कशी गाठावी

नागपुरात घरात मोठा आजार निघाला की पहिली चर्चा होते ती मेडिकलला दाखवायचे, मेयोला न्यायचे की एम्सचा नंबर लावायचा, याची. हा निर्णय बहुधा अंतर, ओळख आणि शेजाऱ्यांचा अनुभव यांवर ठरतो. कोणत्या विभागात आणि कोणाकडे जायचे, हा खरा महत्त्वाचा प्रश्न मात्र केसपेपरच्या खिडकीवर उभे राहिल्यावर आठवतो. १९४७ पासून चालत आलेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजेच ‘मेडिकल’, मेयो या नावानेच ओळखले जाणारे इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, २०१८ मध्ये एमबीबीएसची पहिली तुकडी घेतलेले मिहानमधील एम्स किंवा डिगडोहचे लता मंगेशकर रुग्णालय, या साऱ्या संस्थांत डॉक्टर रुग्ण तपासतात, विद्यार्थ्यांना शिकवतात आणि संशोधनही करतात. त्यामुळे अशा संस्थेतील डॉक्टरांच्या माहितीत पदवी व पदाबरोबर उपचारातील विशेष रस आणि संशोधनाचे विषयही दिलेले आढळतात. ती माहिती नीट वाचता आली तर चुकीच्या रांगेत जाणारा दिवस वाचतो.

प्रथम हातातील कागद पाहावेत. निदान झाले असेल तर ते नेमक्या शब्दांत एका कागदावर उतरवून घ्यावे. झाले नसेल तर विशेषज्ञ शोधण्याच्या फंदात न पडता मेडिसिन, सर्जरी किंवा बालरोग यांपैकी लागू पडेल त्या सर्वसाधारण ओपीडीतच जावे. पोटदुखीसाठी थेट यकृताचा तज्ज्ञ गाठणे हा उत्साह आहे, शहाणपण नव्हे.

त्यानंतर पदवी पाहावी. एमडी किंवा एमएस ही मूळ विषयातील पदव्युत्तर पदवी होय. तिच्यानंतर तीन वर्षांचे अतिविशेष शिक्षण घेतले असल्यास औषधोपचाराच्या शाखांत डीएम आणि शस्त्रक्रियेच्या शाखांत एमसीएच ही पदवी लागते. यादीत ‘मधुमेहात विशेष रस’ असे लिहिलेले असेल आणि पदवी एमडी मेडिसिन असेल, तर ते डॉक्टर मधुमेहाचे रुग्ण आवर्जून पाहतात एवढाच त्याचा अर्थ घ्यावा. त्यात कमीपणा काहीच नाही, कारण मधुमेहाच्या बहुसंख्य रुग्णांना त्यापलीकडची गरज पडत नाही. विशेष रस ही डॉक्टरांनी स्वतः दिलेली माहिती असते आणि पदवी परीक्षेने मिळते, हा फरक मात्र ध्यानात ठेवावा.

खरी गफलत होते ती उपचाराचा विषय आणि संशोधनाचा विषय एकच समजल्याने. विदर्भात सर्वत्र परिचित असलेला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार याचे चांगले उदाहरण आहे. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा या जिल्ह्यांतून त्याचे रुग्ण नागपूरला येतात, आणि एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयात ‘सिकलसेल’ हा विषय निरनिराळ्या विभागांतील डॉक्टरांच्या नावापुढे दिसू शकतो. पॅथॉलॉजीतील डॉक्टरांचा रस रक्तातील हिमोग्लोबिनचे प्रकार ओळखणाऱ्या एचपीएलसी तपासणीत, म्हणजे व्यक्ती एएस वाहक आहे की एसएस रुग्ण हे निश्चित करण्यात असतो. त्यांची उपचाराची ओपीडी नसते. पीएसएम, म्हणजे रोगप्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्र विभागातील डॉक्टर गावोगावच्या तपासणी शिबिरांचा आणि विवाहपूर्व समुपदेशनाचा अभ्यास करतात. हायड्रॉक्सियुरिया हे सिकलसेलवरील औषध सुरू करणे, त्याची मात्रा ठरवणे आणि त्यासाठी वेळोवेळी रक्त तपासत राहणे हे मुलाच्या बाबतीत बालरोग विभागाचे आणि प्रौढाच्या बाबतीत मेडिसिनचे, किंवा उपलब्ध असल्यास हिमॅटॉलॉजीचे, म्हणजे रक्तविकार विभागाचे काम. गर्भवती रुग्णाला स्त्रीरोग विभागाची जोड लागते. आणि वीस-बावीस वर्षांचा एसएस रुग्ण मांडीच्या सांध्यातील दुखण्याने लंगडू लागला असेल, तर खुब्यातील मांडीच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून तो झिजू लागल्याची शक्यता धरून त्याला अस्थिरोग विभागात दाखवणे निकडीचे ठरते. आजार एकच, पण त्या दिवशी कोणता दरवाजा ठोठवायचा हे आजाराच्या नावावरून नव्हे, तर रुग्णाच्या त्या वेळच्या तक्रारीवरून ठरते.

डॉक्टरांचे संशोधन प्रत्यक्ष पाहायचे असल्यास पबमेड या वैद्यकीय शोधनिबंधांच्या मोफत संकेतस्थळावर इंग्रजीत नाव टाकून शोधता येते. केवळ आडनावाने शोधू नये. देशमुख किंवा वानखेडे टाकल्यास देशभरातील लेखक समोर येतील, म्हणून नावासोबत संस्था आणि शहरही जुळवावे. निबंधांची संख्या मोजत बसण्यात अर्थ नाही, कारण वैद्यकीय महाविद्यालयांत बढतीसाठी प्रकाशने लागतात आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांना प्रबंध सादर करावाच लागतो; त्यामुळे विभागातील अनेक निबंधांवर मार्गदर्शक म्हणून वरिष्ठांचे नाव असते. पाहायचे ते असे: गेल्या काही वर्षांत त्याच आजारावर सातत्याने काम झाले आहे का, आणि ते रुग्णांवर झाले आहे की केवळ जुन्या नोंदींवर वा प्रयोगशाळेत. माझ्या मते एकाच विषयावरील चार निबंध विखुरलेल्या चाळीस निबंधांपेक्षा रुग्णाला अधिक काही सांगतात.

एवढे शोधूनही ते डॉक्टर थेट भेटतीलच असे नाही. शिकवणाऱ्या रुग्णालयात विभागाची युनिटे, म्हणजे डॉक्टरांचे ठरलेले गट असतात आणि प्रत्येक युनिटचे ओपीडीचे वार ठरलेले असतात. आपण ज्या वारी केसपेपर काढतो, त्या वारी ज्या युनिटची ओपीडी असेल त्याच युनिटचे रुग्ण आपण ठरतो, आणि पुढील भरती व शस्त्रक्रियाही बहुधा त्याच युनिटमध्ये होते. म्हणून हव्या त्या डॉक्टरांचा वार आधी विचारून घ्यावा. आत गेल्यावर प्रथम निवासी डॉक्टर तपासतात. त्यांना टाळून ‘मोठ्या सरांकडेच’ जाण्याचा आग्रह धरू नये, कारण त्यांनी लिहिलेला इतिहास वाचूनच वरिष्ठ पुढचा निर्णय घेतात. निदान, चालू औषधे आणि आधीच्या शस्त्रक्रिया यांचा एक पानी तपशील त्यांच्या हाती दिला, तर तो इतिहास अचूक लिहिला जातो. दुर्मीळ आजार असल्यास ‘या आजाराचे रुग्ण आपल्याकडे नियमित येतात का, की दुसऱ्या युनिटकडे पाठवता?’ असे नम्रपणे विचारण्यास हरकत नाही.

कधी उपचारासाठी गेलेल्या रुग्णाला संशोधनात सहभागी होण्याची विचारणा होते. औषधाची चाचणी असेल तर सीटीआरआय या वैद्यकीय चाचण्यांच्या भारतीय नोंदणीतील तिचा क्रमांक मागावा. जून २००९ पासून अशा चाचण्यांची नोंदणी बंधनकारक आहे, आणि त्या क्रमांकावरून कोणत्या रुग्णांना घेणार, कोणाला वगळणार, नैतिक समितीची मान्यता आहे का, हे घरबसल्या पाहता येते. संमतीपत्र मराठीत मागण्याचा, ते घरी नेऊन वाचण्याचा आणि केव्हाही बाहेर पडण्याचा हक्क रुग्णाला असतो, व नकार दिल्याने नेहमीच्या उपचारात फरक पडता कामा नये. चाचणीमुळे इजा झाल्यास उपचार कोण करणार आणि रात्री-अपरात्री कोणाला फोन करायचा, हे दोन्ही त्या पत्रात लिहिलेले असल्याची खात्री करूनच सही करावी आणि सही केलेली एक प्रत त्याच वेळी मागून घ्यावी.