गोव्यात हवा मोजताय? या चुका टाळा

पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक जूनमध्ये होते. स्वस्त सेन्सर धूळ तोलत नाही. कणांवरून लेझरचा उजेड किती विखुरतो, त्यावरून अंदाज बांधतो. आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर गेली की मिठाचे आणि सल्फेटचे कण पाणी शोषून फुगतात आणि पीएम २.५ (अडीच मायक्रॉनपर्यंतची बारीक धूळ) उगाच वाढलेलं दिसतं. चूल थंड, बाहेर धो धो पाऊस, तरी आकडा चढतोय? आधी आर्द्रतेची नोंद बघा. हा फुगीर आकडा दम्याच्या प्रश्नावलीतल्या लोकांच्या उत्तरांना जोडला तर अनर्थच होतो. पावसाळ्यात ओल आणि बुरशीनेही दमा बळावतो. दोष मात्र धुळीच्या माथी जातो.

उपाय कंटाळवाणा आहे, पण त्याला पळवाट नाही. गोवा, सिंधुदुर्ग, कारवार, जिथले गट एकत्र काम करणार असतील त्या सगळ्यांचे सेन्सर फिल्टरच्या सॅम्पलरशेजारी (हवा ओढून फिल्टरवर धूळ गोळा करणारं यंत्र; ती धूळ नंतर तोलतात) दोन आठवडे ठेवा आणि दोन्हींचे आकडे ताडून दुरुस्तीचं सूत्र काढा. हे मार्चमध्ये करा आणि जुलैत पुन्हा करा. पुण्याच्या कोरड्या हवेत काढलेलं दुरुस्तीचं सूत्र इथे चालत नाही. घाई असणाऱ्यांनी हे काम हाती घेऊच नये.

फिल्टरचीही काळजी घ्या. मिनिटाला १६.७ लिटर हवा ओढली तर २४ तासांत साधारण २४ घनमीटर होते. हवेत घनमीटरला ३० मायक्रोग्रॅम धूळ असेल तर फिल्टरवर जेमतेम ०.७२ मिलिग्रॅम धूळ बसते. बोटाचा ठसासुद्धा हा हिशेब बिघडवतो, म्हणून चिमटाच वापरा. शीतपेटीतून आणलेली फिल्टरची डबी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, नाहीतर फिल्टरवर दव धरतं. वजनाआधी तो २४ तास नियंत्रित आर्द्रतेत ठेवा. आधीच्या आणि नंतरच्या, दोन्ही वजनांना हाच नियम.

डिचोली-सांग्याकडची खनिजाची धूळ जाडी असते. स्वस्त सेन्सरचा पीएम १० (दहा मायक्रॉनपर्यंतच्या धुळीचा आकडा) हा बराचसा अंदाजच असतो, तिथे तो वापरू नका.

स्वयंपाकघरात यंत्र चुलीवरच्या फळीवर नको. चुलीपासून एक मीटर, जमिनीपासून दीड मीटर, दारं-खिडक्यांपासून दीड मीटर लांब ठेवा. उदबत्ती, डासांची कॉइल, नरकासुराचं दहन, सगळं वेळेसकट वहीत लिहा.

तासाभराच्या उसळीची पीएम २.५ च्या घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम या भारतातल्या मर्यादेशी तुलना करू नका. ती २४ तासांच्या सरासरीची आहे.

घड्याळं तर हमखास चुकतात. एका गटाचं यंत्र यूटीसीवर (भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे असलेली जागतिक वेळ) असेल तर संध्याकाळी सातचा धूर दुपारी दीडला दिसतो. पहिल्या दिवशी सगळ्या यंत्रांजवळ ठरलेल्या मिनिटाला उदबत्ती लावा आणि उसळी त्याच मिनिटाला येते का ते तपासा.