तळटीपांचे नंबर हाताने टाकू नका

प्रोजेक्ट किंवा प्रबंध टाईप करताना बरेच जण तळटीपेचा आकडा हातानेच छोटा करून वर चढवतात आणि खाली पानाच्या शेवटी टीप लिहितात, मग मध्येच एक नवीन टीप घालायची वेळ आली की पुढचे सगळे नंबर बदलत बसायचं, पान सरकलं की टीप भलत्याच पानावर जाते, वैताग नुसता.

त्यापेक्षा हे करा:

१. ज्या शब्दाला किंवा वाक्याला टीप द्यायचीय त्याच्या शेवटी कर्सर ठेवा, वाक्य असेल तर पूर्णविरामानंतर.
२. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ एकदम दाबा. वर्ड आणि गुगल डॉक्स दोन्हीत चालतं, मॅकवर कमांड, ऑप्शन, एफ.
३. कर्सर आपोआप खाली जातो, तिथे टीप लिहा. बस.

आता मध्ये कितीही टीपा घाला, नंबर स्वतःच बदलतात आणि टीप आपल्या आकड्यासोबतच फिरते. वर्डमध्ये आकड्यावर माऊस नेला तर टीप तिथेच दिसते, तपासताना हे फार कामाचं आहे.

फक्त एक लक्षात ठेवा, टीप काढायची असेल तर खालचा मजकूर नाही, वरचा मजकुरातला आकडा डिलीट करायचा, नाहीतर वर रिकामा नंबर तसाच राहतो.