नाशिकहून जहाजाच्या डेकवर नोकरीला जाणाऱ्यांनो, समोर मच्छीमार बोट असेल तेव्हा

कोलरेग, म्हणजे समुद्रात टक्कर टाळायचे आंतरराष्ट्रीय नियम, पाठ आहे असं धरूनच लिहितो. १८ वा नियम मासेमारीत गुंतलेल्या बोटीला वाट द्या म्हणतो. २६ व्यात तिचे दिवे आहेत: ट्रॉलरला वर हिरवा, खाली पांढरा; बाकी जाळ्यांना वर लाल, खाली पांढरा. तोंडी परीक्षा एवढ्यावर निघते. ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीत, घात होतो तो वेगळ्याच ठिकाणी.

आपण नाशिकची पोरं गाडी शिकतो मुंबई-आग्रा रस्त्यावर. समोर काही आलं की थोडा कट मारायचा आणि सुटायचं. ही सवय जहाजावर नेऊ नका.

समजा चाल १५ नॉट (तासाला १५ सागरी मैल), म्हणजे मिनिटाला सुमारे ४६० मीटर. नाकासमोर ६ मैलांवर बोट थांबलेली आहे. आत्ता १५ अंश वळलात तर दीड मैल लांबून जाल. ‘बघू’ म्हणत ३ मैलांवर आलात की तेवढ्याच अंतराला ३० अंश लागतात. तिथं ५ अंशच वळलात तर जेमतेम पाव मैल मिळतो, आणि तरतं गिल जाळं दोन-तीन किलोमीटरही पसरलेलं असतं. मग अजून ५, पुन्हा ५. तुम्हाला वाटतं आपण वाट देतोय. तांडेलाला (मच्छीमार बोटीच्या प्रमुखाला) मात्र रात्री तुमच्या मास्टचे दोन दिवे होते तसेच दिसतात. तो गोंधळतो, बोट हलवतो, आणि नेमका तुमच्या नव्या वाटेत येतो. एकदाच, लवकर आणि भरपूर वळा. आठवा नियम हेच सांगतो. ३० अंशांत ते दोन दिवे एकमेकांपासून ठळक सरकतात आणि त्याला तुमचा इरादा कळतो.

वळताना ट्रॉलरच्या मागून जवळून जाऊ नका. जाळं तिथंच ओढलं जात असतं.

समोरची बोट कोणत्या दिशेला आहे तो कोन, म्हणजे बेअरिंग, बदलतोय का ते बघा; ते जायरो रिपीटरवरून (जायरो होकायंत्राच्या तबकडीवरून) घ्या, दर ३ मिनिटांनी. खिडकीच्या चौकटीशी समोरची बोट जुळवून बघणं हा शॉर्टकट मला मुळीच मान्य नाही. जहाजाचं नाक सतत इकडेतिकडे होत असतं. एआयएसवर (जहाजं आपली ओळख आणि जागा रेडिओवरून कळवतात त्या यंत्रणेवर) काही दिसत नाही म्हणजे समुद्र मोकळा, असंही नाही. लाकडी किंवा फायबरच्या लहान बोटीचा रडारवरचा ठिपका मुळातच फिका असतो. सी क्लटर, म्हणजे रडारवर उमटणाऱ्या लाटांच्या खुणा, जास्त दाबलंत की लाटांबरोबर तीही पुसली जाते.

‘हॉर्न मार, सरकेल तो’ म्हणणारे सीनियर भेटतील. त्यांचं ऐकू नका. जाळं पाण्यात असलेला माणूस सरकणार कसा? पाच छोटे भोंगे जरूर द्या, पण स्वतः वळत असताना.

गंगापूर धरणापलीकडे पाणी पाहिलं नसेल तरी बिचकू नका. बेअरिंगची नजर काही आठवड्यांत बसते. तोवर शंका आली की कॅप्टनला उठवा, मध्यरात्रीसुद्धा. उशिरा उठवल्याबद्दलच बोलणी बसतात.

महाराष्ट्रात मासेमारीबंदी ३१ जुलैला संपते आणि लगेच बोटी मोठ्या संख्येने बाहेर पडतात. त्या दिवसांत वॉच (ब्रिजवरची पाळी) असेल तर किनाऱ्याजवळ येण्याआधीच जादा लुकआऊट (नजर ठेवणारा माणूस) मागून घ्या.