रेशनच्या हक्कापासून गावच्या नागलीपर्यंत : ग्रामसभेतून अन्नसुरक्षेची मागणी कशी उभी करावी

अकोले, इगतपुरी, जव्हार, मोखाडा या तालुक्यांत डोंगरउतारावर नागली (नाचणी) आणि वरई पिकते, पण रेशनच्या दुकानातून घरी येतो तो मुख्यतः तांदूळ आणि गहू. गावाचे धान्य गावाच्याच मुलांच्या ताटात यावे, ही मागणी ग्रामसभेतून उभी करता येते. मात्र तिची सुरुवात आजचे हक्काचे धान्य पूर्ण मिळते की नाही, हे तपासण्यापासूनच करावी. ज्या घरात महिन्याचा शिधाच अपुरा येतो, त्या घरापुढे आधी नागलीची गोष्ट काढणे योग्य नव्हे.

राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, 2013 नुसार प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीला दरमहा 5 किलो आणि अंत्योदय, म्हणजे सर्वांत गरीब, कुटुंबाला 35 किलो धान्य मिळायला हवे; जानेवारी 2023 पासून ते मोफत आहे. आठ-दहा जणांचा गट करावा आणि त्यात निम्म्याहून अधिक महिला असाव्यात. सलग तीन महिने घरोघरी जाऊन शिधापत्रिकेचा प्रकार, सदस्यसंख्या, ई-पॉस यंत्राच्या (अंगठा घेऊन धान्यवाटप नोंदवणारे दुकानातील यंत्र) पावतीवरील वजन आणि घरी तराजूवर भरलेले वजन वहीत नोंदवावे. अंगठा न जुळल्याने रिकाम्या हाताने परतलेले वृद्ध, पत्रिकेत नाव न चढलेल्या सुना आणि लहान मुले यांची यादी वेगळी ठेवावी. ही मोजणी पावसाळ्यातच करावी. दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जाणारी कातकरी कुटुंबे तेव्हा गावात असतात, घरातले धान्यही त्याच दिवसांत संपत आलेले असते, आणि नंतर केलेल्या मोजणीत नेमकी ज्यांची गरज सर्वांत मोठी तीच घरे सुटतात.

यानंतर दुकानाचे नियतन (मंजूर झालेले धान्य), उचल (दुकानदाराने गोदामातून घेतलेले धान्य) आणि वाटप यांच्या नोंदी पाहाव्यात. याच कायद्याच्या कलम 27 नुसार त्या लोकांना तपासणीसाठी खुल्या असतात; टाळाटाळ झाल्यास 10 रुपये शुल्क भरून माहिती अधिकारात अर्ज करावा, त्याचे उत्तर 30 दिवसांत द्यावे लागते. तफावत आढळल्यास कलम 29 खालील, रेशनवर देखरेख करणाऱ्या दक्षता समितीपुढे आणि तहसीलदारांकडे लेखी तक्रार करून पोच घ्यावी. 1967 हा मदत क्रमांकही आहे, पण पुढील पाठपुराव्याला कागदच अधिक उपयोगी पडतो.

आता नागलीकडे वळावे. कोण किती पिकवतो, घरी किती ठेवतो, व्यापाऱ्याला कोणत्या भावाने देतो आणि कोणाकडे कोणते जुने बियाणे आहे, याची नोंद करावी. अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथे राहीबाई पोपेरे यांनी गावरान वाण जपून बियाणे बँक उभी केली, ती पाहून यावी. शाळेच्या आणि अंगणवाडीच्या आहारात गावची नागली द्यावी, ही मागणी मोजून करावी. शंभर मुलांना आठवड्यातून एकदा दरडोई 50 ग्रॅम नागलीचे पीठ द्यायचे, तर एका वेळी 5 किलो आणि 40 आठवड्यांत दोन क्विंटल नागली लागेल. एवढी नागली गावातूनच घेता येईल का, हे आपल्या नोंदीवरून दाखवावे. नागलीत तांदळाच्या कितीतरी पट कॅल्शियम असते, हेही सांगावे. तेलंगणातील झहिराबाद परिसरात डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी या संस्थेच्या महिला संघांनी 1990 च्या दशकात पडीक जमिनी कसून, ज्वारी गावातच साठवून गरीब घरांना स्वस्तात दिली, हे उदाहरण ठरावासोबत जोडावे. कायद्याचे कलम 12 देखील स्थानिक वितरण पद्धती आणि धान्य बँकांना पाठबळ देण्याविषयी बोलते.

ठराव आधी महिला सभेत वाचून घ्यावा, कारण स्वयंपाक आणि साठवण यांच्या अडचणी तिथेच कळतात. ग्रामसभेला सर्वसाधारणपणे एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी कमी असेल तेवढी गणपूर्ती, म्हणजे किमान उपस्थिती, लागते. म्हणून वस्तीवस्तीवर आधी निरोप द्यावा. सूचक आणि अनुमोदक ठरवून ठेवावेत आणि इतिवृत्तातील मजकूर सभा संपण्यापूर्वी मोठ्याने वाचायला लावावा. ठरावाच्या प्रमाणित प्रती तहसीलदार, गटशिक्षणाधिकारी आणि बालविकास प्रकल्प अधिकारी यांना द्याव्यात, प्रत्येक प्रतीवर आवक शिक्का घ्यावा आणि पुढील ग्रामसभेच्या कार्यसूचीत या ठरावावरील कार्यवाहीचा विषय लेखी मागणी करून घालून घ्यावा.