लव्हबर्डचं परीक्षण करताय? या चुका टाळा

लव्हबर्ड या छोट्या पोपटांच्या प्रदर्शनात पिंजऱ्यांची रांग समोर आली की परीक्षकाची नजर आधी रंगाकडे धावते. झळझळीत व्हायलेट, डोकं पूर्ण लाल झालेला ओपलाइन, एखादं क्वचितच दिसणारं म्युटेशन, म्हणजे जनुकीय बदलातून आलेला रंगप्रकार. परीक्षण इथेच घसरायला सुरुवात होते. म्युटेशन दुर्मिळ आहे म्हणून पक्षी उत्तम ठरत नाही. चपट्या डोक्याचा, बारीक मानेचा व्हायलेट आणि रुंद, गोल डोक्याचा, भरल्या छातीचा साधा हिरवा शेजारी असतील, तर माझ्या मते हिरवाच वर गेला पाहिजे. रंगाला गुण आहेतच, पण ते ठेवणीवर पांघरूण घालण्यासाठी नाहीत.

म्हणून पहिली फेरी दोन-तीन पावलं मागे उभं राहून करा. तिथून रंगाचे बारकावे दिसत नाहीत आणि नेमकं तेच हवं असतं. डोकं ते शेपटी ही रेघ सरळ वाहते का? मानेत खाच पडते का? पंख अंगाला चिकटून आहेत का? त्यांची टोकं शेपटीवर नुसती टेकतात, की एकमेकांना ओलांडतात किंवा खाली लोंबतात? पक्षी दांडीवर बसून अंग तोलतो, की तिच्यावर आडवा पडतो? हे सगळं लांबूनच स्पष्ट दिसतं.

आकारमानाच्या बाबतीत सर्वांत जास्त फसगत होते. घाबरलेला लव्हबर्ड पिसं अंगाशी घट्ट ओढून उंच, बारीक उभा राहतो, तेव्हा मोठा पक्षीही किरकोळ वाटतो. उलट पिसं फुगवून बसलेला पक्षी भरदार दिसतो. पण तो कशामुळे फुगलाय, हे बघा. डोळे अर्धवट मिटलेले, श्वासाबरोबर शेपटी हलतेय, शेजारच्या पिंजऱ्यातल्या हालचालीकडे लक्ष नाही, असं असेल तर तो पक्षी आजारी असण्याची शक्यता आहे. त्याला गुण देण्याआधी आयोजकांना सांगून तो रांगेतून बाजूला काढायला लावा. निरोगी पण बुजलेल्या पक्ष्याला मात्र वेळ द्या. पिंजरा हळू उचलायचा, हळू ठेवायचा आणि थोडं थांबायचं. काडीने डिवचणं, जाळीवर टिचक्या मारणं पूर्ण बंद. डिवचलेला पक्षी स्वतःची खरी ठेवण दाखवतच नाही.

जातीजातींची सरमिसळ ही पुढची चूक. पीचफेस साधारण 17-18 सेंटीमीटरचा, फिशर आणि मास्क्ड त्याहून लहान, तर ब्लॅक-चीक्ड आणि लिलियन जेमतेम 13-14 सेंटीमीटरचे. पीचफेसची भरदार शरीरयष्टी डोळ्यांत ठेवून ब्लॅक-चीक्डला ‘लहान’ म्हणणं अन्यायाचं आहे. त्याहून वाईट म्हणजे जास्त मोठा ब्लॅक-चीक्ड दिसला की खूश होऊन त्याला वर चढवणं. तो संकर असू शकतो.

संकराबद्दल मला जरा आग्रहाने बोलायचंय. डोळ्याभोवती पांढरं कडं असलेल्या चार जाती, म्हणजे फिशर, मास्क्ड, ब्लॅक-चीक्ड आणि लिलियन, एकमेकींशी सहज जुळतात आणि त्यांची पिल्लंही पुढे अंडी-पिल्लं करतात. त्यामुळे भेसळ पिढ्यान्‌पिढ्या रेंगाळते. खुणा रम्पवर, म्हणजे शेपटीच्या मुळाशी पाठीवर, शोधा. शुद्ध ब्लॅक-चीक्ड आणि लिलियनचा रम्प हिरवा असतो, तिथे निळी झाक आली की संशय घ्या. फिशरच्या कपाळावर काळपट छटा दिसली किंवा हिरव्या मास्क्डच्या पिवळ्या छातीवर नारिंगी उतरलं, तरीही तसंच. ब्लॅक-चीक्ड निसर्गात संकटग्रस्त आहे. अशा जातीत संकराला बक्षीस मिळालं तर पुढच्या हंगामात त्याच पक्ष्यापासून जोड्या लावल्या जातात आणि शुद्ध रक्त आणखी आक्रसतं.

आता जवळ जाऊन रंग बघा, पण आधी उजेड बघा. पिवळ्या दिव्यात निळा उजेड कमी असतो, त्यामुळे त्याखाली कोबाल्ट (गडद निळा) आणि व्हायलेट यांतला फरक पुसट होतो. नैसर्गिक उजेड किंवा पांढरा दिवा हवा आणि तो सगळ्या पिंजऱ्यांवर सारखा पडायला हवा. हिरव्या पक्ष्यात एक डार्क फॅक्टर, म्हणजे रंग गडद करणारं जनुक, असेल तर गडद हिरवा, दोन असतील तर ऑलिव्ह. व्हायलेट फॅक्टर असलेला हिरवा पक्षीही गडद हिरव्यासारखाच दिसतो. तिथेही रम्पच निर्णय देतो, कारण व्हायलेट असेल तर तिथे जांभळी चमक असते.

म्युटेशन नीट न ओळखता गुण कापणंही सर्रास घडतं. साध्या पीचफेसचा रम्प झगझगीत निळा असतो, पण ओपलाइनमध्ये तो अंगाच्या रंगाचा होतो आणि ल्युटिनोत (पिवळ्या रंगप्रकारात) पांढरट. हे दोष नाहीत, ती त्या म्युटेशनची लक्षणंच आहेत. ल्युटिनो आणि डार्क-आय क्लिअर (काळ्या डोळ्यांचा पिवळा) यांत गोंधळ होत असेल तर डोळे तपासा. ल्युटिनोचे लाल असतात.

चोचीच्या मुळाशी काळपट डाग आणि फिकट चेहरा म्हणजे पिल्लाचा पिसारा. अशा पीचफेसला ‘रंग कमी’ असा शेरा देऊ नका. तो अजून वयात आलेला नाही, असं लिहा.

तुटलेलं शेपटीचं पीस आणि गेलेलं नख यांना एकाच मापाने मोजू नका. पीस पुढच्या पिसगळीत परत येतं, मुळासकट गेलेलं नख येत नाही.

पिंजरा कोणाचा आहे, हे कळायचा मार्गच ठेवू नका. निकाल लागेपर्यंत फक्त क्रमांक दिसले पाहिजेत. गुणपत्रिकेवर ‘छान’, ‘साधारण’ असले शेरे टाळा. ‘मान बारीक, उजवा पंख किंचित लोंबतो, मास्कची (चेहऱ्यावरच्या रंगीत भागाची) कड स्वच्छ’ असं लिहिलं तर ब्रीडरला पुढची जोडी कशी लावायची ते त्या कागदावरूनच कळेल.