अमेरिकेत गॅसविना नवं घर बांधताना: नियम, पॅनेलचा हिशेब आणि स्वयंपाकघर

अमेरिकेत घर बांधायला काढलं की गॅसची लाइन घेता येईल का, हे आधी बघावं लागतं. उत्तर गावोगाव वेगळं आहे आणि बदलतही राहतं. बर्कलेने जुलै २०१९ मध्ये नव्या इमारतींत गॅसची पाइपलाइन टाकायला बंदी घातली. असं करणारं ते देशातलं पहिलं शहर. रेस्टॉरंटवाल्यांची संघटना कोर्टात गेली, नवव्या सर्किटच्या केंद्रीय अपील न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये बंदी केंद्रीय कायद्यापुढे टिकत नाही असं ठरवलं आणि २०२४ मध्ये शहराने माघार घेतली. न्यूयॉर्क शहराच्या २०२१ च्या स्थानिक कायदा क्रमांक १५४ ने पाइपला हात लावला नाही. दर दहा लाख बीटीयूमागे (बीटीयू म्हणजे उष्णतेचं एकक) २५ किलोपेक्षा जास्त कार्बन डायऑक्साइड सोडणारं इंधन नव्या इमारतीत जाळायचं नाही, एवढंच तो म्हणतो, आणि नैसर्गिक गॅस त्याच्या दुपटीहून जास्त सोडतो. सात मजल्यांखालच्या नव्या इमारतींना हे २०२४ पासून लागू झालं. टेक्सास, फ्लोरिडा, अ‍ॅरिझोना या राज्यांनी उलट शहरांनाच अशी बंदी घालायला मनाई केली आहे.

त्यामुळे ओळखीच्यांनी दोन वर्षांपूर्वी काय केलं यावर जाऊ नका. बिल्डिंग डिपार्टमेंटला लेखी विचारा: अमुक महिन्यात अर्ज केला तर कोणत्या सालचा बांधकामाचा कोड (नियमावली) लागेल, आणि राज्याच्या कोडवर शहराची स्वतःची काही भर आहे का? सहसा परमिटच्या अर्जाची तारीख धरली जाते, काम सुरू झाल्याची नाही. कॅलिफोर्नियात २०२३ पासून नव्या घरात गॅसची शेगडी बसवली तरी तिच्या ३ फुटांच्या आत २४० व्होल्ट, ५० अ‍ॅम्पिअरची वायर ओढून ठेवावी लागते. गॅसच्या ड्रायरपाशी ३० अ‍ॅम्पिअरची. म्हणजे गॅस घेणारा दोन्हींचे पैसे भरतो. तिथे बंदी असो वा नसो, नव्या घरात गॅस घेण्यात आम्हाला शहाणपण दिसत नाही.

आता पॅनेल, म्हणजे घरात आलेली वीज जिथून वाटली जाते ती पेटी. ‘सगळं विजेवर म्हणजे ४०० अ‍ॅम्पिअर लागणारच’ हे फार ऐकू येतं आणि बहुतेक घरांच्या बाबतीत ते चूक असतं. इलेक्ट्रिशियनकडून राष्ट्रीय विद्युत संहितेच्या कलम २२०.८२ प्रमाणे लोडचा हिशेब कागदावर मागा. २,००० चौरस फुटांचं घर घ्या. दिवे-सॉकेटसाठी दर चौरस फुटाला ३ व्होल्ट-अ‍ॅम्पिअर (ढोबळमानाने वॅट) म्हणजे ६,०००, स्वयंपाकघराची दोन सर्किटं ३,०००, लाँड्री १,५००, इंडक्शन रेंज (खाली ओव्हन असलेली शेगडी) ९,६००, वॉटर हीटर ४,५००, ड्रायर ५,०००, डिशवॉशर १,२००, गाडीचा ३२ अ‍ॅम्पिअरचा चार्जर ७,६८०. बेरीज ३८,४८०. यातले पहिले १०,००० पूर्ण धरायचे, उरलेल्याचे ४० टक्के: २१,३९२. त्यात हीट पंपाचे (विजेवर घर गरम-थंड करणारं यंत्र) ५,००० पूर्ण मिळवा आणि २४० ने भागा. उत्तर येतं ११० अ‍ॅम्पिअर. २०० चं पॅनेल आरामात पुरतं.

हिशेब बिघडतो तो हीट स्ट्रिपमुळे, म्हणजे कडाक्याच्या थंडीत पंपाला जोड देणाऱ्या विजेच्या हीटरमुळे. कॉन्ट्रॅक्टर हीट पंपासोबत १० किलोवॉटची स्ट्रिप ‘असू द्या’ म्हणून घालतो. तिचे ६५ टक्के धरले की तेच घर १३७ वर जातं आणि १२५ अ‍ॅम्पिअरच्या वीजजोडणीत बसत नाही. सौम्य हवेत तिची गरज नसते. म्हणून आधी ‘मॅन्युअल जे’ या ठरलेल्या पद्धतीप्रमाणे खोलीवार उष्णतेचा हिशेब करून घ्या आणि त्यावरून हीट पंप निवडा. मोठा पंप घेतला तर तो सारखा चालू-बंद होतो, उन्हाळ्यात दमटपणा काढत नाही आणि लवकर झिजतो.

वीज कंपनीकडे जोडणीचा अर्ज नकाशे मंजूर होण्याची वाट न बघता द्या. घर तयार आणि मीटर नाही, अशी अडचण इथेच होते.

हीट पंप वॉटर हीटर आजूबाजूच्या हवेतली उष्णता ओढतो. बहुतेक मॉडेलना ७०० घनफुटांच्या आसपास हवा लागते, म्हणजे १० बाय ९ ची, ८ फूट उंच खोली. बंद कपाटात कोंबला की तो स्वतःच थंड केलेली हवा पुन्हा घेतो, मग आतली विजेची कॉइल चालू होते आणि बिल वाढतं. जागा नसेल तर जाळीचं दार किंवा डक्ट द्या. त्यात साचणारं पाणी बाहेर नेणाऱ्या नळीला उतार हवा. झोपायच्या खोलीच्या भिंतीला टेकवू नका, पंखा ऐकू येतो. पाणी हळू तापतं, म्हणून चौघांच्या घरात ५० ऐवजी ६५ किंवा ८० गॅलनची टाकी घ्या.

स्वयंपाकघरात रेंजसाठी न्यूट्रलसह चार तारांची ५० अ‍ॅम्पिअरची वायर ओढा. काही इंडक्शन कुकटॉपना (ओव्हन नसलेली, ओट्यात बसवायची शेगडी) न्यूट्रल लागत नाही, पण पुढे रेंज बसवायची झाली तर भिंत फोडावी लागेल. शेगडीवरचा हूड धूर घराबाहेर सोडणाराच घ्या. गॅस गेला तरी फोडणीचा आणि तळणीचा धूर तेवढाच राहतो.

भांडी घेताना लोहचुंबक लावून बघा. अ‍ॅल्युमिनियमची कढई आणि जुना कुकर चालणार नाही. भारतातून आणलेला इंडक्शन बेसचा स्टीलचा कुकर चालतो. खोलगट तवा काचेला टेकत नाही, सपाट बुडाचा बिडाचा घ्या. कॉइल तव्यापेक्षा लहान असेल तर भाकरीच्या कडा कच्च्या राहतात, म्हणून एक तरी ११ इंचांची कॉइल असलेलं मॉडेल निवडा. तवा मध्यम आचेवर चार-पाच मिनिटं तापू द्या. एकदम बूस्टवर (सर्वात जास्त आचेवर) टाकला तर पातळ तवा वाकतो. फुलका तव्यावरच फडक्याने दाबून फुगवता येतो. भारतातली सुटी इंडक्शन शेगडी मात्र आणू नका: ती २३० व्होल्टची, आणि इथला ओट्यावरचा सॉकेट १२० चा.